एकोणिसावे नाव

व्यापारी घरात माणसाची नोंद दोन ठिकाणी होते: वंशावळीत आणि वहीत. वंशावळीत त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि मुलांची नावे येतात. वहीत त्याने काय घेतले, काय दिले आणि किती बाकी ठेवली ते येते. पुसदच्या बाजारपेठेतील जुन्या घरांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या अशा वह्या अजून निघतात. कापूस, ज्वारी, किराणा, कापड यांचे ते व्यवहार केव्हाच मिटले. तरीही एखाद्या पानावर तिथी, गाव, नाव आणि रक्कम अशी एकच ओळ राहिलेली असते, आणि त्या ओळीपलीकडे त्या माणसाचे जगात दुसरे काही उरलेले नसते.

खेळाच्या जगातही अशा वह्या आहेत. बेल्जियममधील अँटवर्प शहरात १९२० साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांच्या निकालपत्रात मॅरेथॉन शर्यतीखाली अशीच एक ओळ आहे. क्रमांक एकोणीस, नाव फडेप्पा चौगुले, देश भारत, वेळ दोन तास पन्नास मिनिटे ४५.४ सेकंद. ऑलिंपिकची मॅरेथॉन शेवटपर्यंत धावलेला हा पहिला भारतीय. गाव बेळगाव. त्याचे नाव आज किती घरांत ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

चौगुले हे हौशी धावपटू होते. हौशी या शब्दाचा आज अर्थ उतरला आहे. कामचलाऊ, फावल्या वेळेतले, असे काहीतरी त्यातून सूचित होते. १९२० साली तो एक कडक नियम होता. खेळातून एक पैदेखील मिळवलेला माणूस ऑलिंपिकला अपात्र ठरे. खेळाडूने आपले पोट अन्य धंद्यावर भरावे, खेळ केवळ आवडीसाठी खेळावा, असे त्यामागचे तत्त्व होते. घरी सुबत्ता असलेल्या युरोपीय तरुणाला ते परवडणारे होते. शेतावर किंवा मजुरीवर जगणाऱ्याने मात्र पेरणीचे दिवस सोडून समुद्रापलीकडे जायचे, परत यायचे आणि हाती काही घ्यायचे नाही, असा त्याचा अर्थ होई. अशा माणसाचा प्रवास दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून होणे भाग होते.

तो खिसा सर दोराबजी टाटांचा होता. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव १८५९ साली जन्मले. तरुणपणी केंब्रिजला शिकत असताना त्यांना मैदानी खेळांची गोडी लागली आणि ती आयुष्यभर टिकली. पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडे आले. संस्थेत उत्साह पुष्कळ होता, पैसा थोडा होता, आणि आधुनिक शर्यतींच्या नियमांचा अनुभव त्याहूनही थोडा होता. १९१९ साली तेथे भरलेल्या सामन्यांत धावायला उतरलेल्यांपैकी अनेकजण शेतकरी होते. ते अनवाणी धावत. लांब पल्ल्याची शर्यत सुमारे पंचवीस मैलांची असे आणि ती खडीच्या, धुळीच्या रस्त्यावरून होई. टाटांनी घड्याळावर नोंदलेल्या वेळा युरोप-अमेरिकेतील वेळांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. ज्यांना कोणी कधी शिकवले नाही, ज्यांच्या पायांत बूट नाहीत, त्यांच्या वेळा परदेशी धावपटूंच्या फार मागे नव्हत्या.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड तेव्हा पाहुणे म्हणून आले होते. भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवावा, ही कल्पना टाटांनी त्यांच्यापुढे मांडली आणि सरकारचे साहाय्य मागितले. १९२० च्या आरंभी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली. पुढे १९२९ साली टाटांनी समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात ही सर्व हकीकत नमूद केली. अनवाणी शेतकऱ्यांच्या त्या शर्यतीविषयी आज जे माहीत आहे, त्यातील बराच भाग या एका पत्रामुळे टिकला आहे. संस्थेच्या कार्यकर्त्यांविषयी एक आख्यायिकाही सांगतात. शंभर मीटर धावायला किती वेळ लागावा, असे विचारले असता कोणी तरी एक-दोन मिनिटे असे उत्तर दिले, आणि तेथे सेकंदाचे अंश मोजतात हे कळल्यावर सगळे थक्क झाले. कथा खरी असो वा रचलेली, तयारी किती प्राथमिक होती हे तीवरून कळते.

निवड झालेल्यांत बेळगावचे चौगुले, साताऱ्याचे दातार आणि कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी अंतरासाठी होते. कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. सहांपैकी बहुतेक जण तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या मुलखातले होते. प्रवासखर्चासाठी टाटांनी स्वतः रक्कम घातली, सरकारने काही भाग दिला, उरलेले वर्गणीतून उभे राहिले. जून महिन्यात मंडळी आगबोटीने मुंबईहून निघाली आणि सामन्यांपूर्वी काही आठवडे इंग्लंडात सराव करून बेल्जियमला पोहोचली.

महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. बेल्जियम त्यात पार होरपळला होता, आणि त्या देशाच्या सन्मानासाठीच सामने अँटवर्पला दिले गेले होते. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज सामन्यांत प्रथम येथे फडकला आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची प्रथाही येथेच सुरू झाली. मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. दिवस थंड आणि पावसाळी होता. अंतर नेहमीपेक्षा थोडे जास्त, ४२.७५ किलोमीटर ठेवले होते. ४८ जण निघाले आणि ३५ जण पोहोचले. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन पहिले आले. त्यांची वेळ दोन तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद होती. एस्टोनियाचे युरी लोसमान अवघ्या तेरा सेकंदांनी मागे राहिले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले.

एकोणीस हा आकडा पदकाच्या यादीत बसत नाही, म्हणून तो सहज ओलांडला जातो. परंतु आकडा पारखण्याची सवय असलेल्यांनी तो नीट पाहावा. विजेत्यापेक्षा चौगुले १८ मिनिटे आणि काही सेकंद मागे होते. प्रत्येक किलोमीटर त्यांनी सरासरी चार मिनिटांच्या आत पुरा केला, आणि तोही जवळजवळ त्रेचाळीस वेळा सलग. सोळाव्या क्रमांकावर जपानचे शिझो कानाकुरी होते. ते चौगुल्यांच्या केवळ दोन मिनिटे पुढे होते. चार वर्षांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये महादेव सिंग हे भारतीय धावपटू मॅरेथॉन धावले, ते एकोणतिसावे आले. पहिल्याच प्रयत्नात, अनोळखी हवेत, अनोळखी अन्नावर आणि अनोळखी रस्त्यावर मिळालेले एकोणिसावे स्थान कमी मोलाचे नव्हते.

त्याच सामन्यांत रणधीर शिंदे फेदरवेट गटातील कुस्तीत चौथे आले. एका कुस्तीने त्यांचे पदक हुकले. ते मिळाले असते तर भारतीय मल्लाच्या पहिल्या ऑलिंपिक पदकासाठी १९५२ पर्यंत थांबावे लागले नसते. तेही नाव आज कोल्हापूरच्या तालमींबाहेर क्वचितच ऐकू येते.

अशा माणसाचा माग काढायला बसले, म्हणजे पहिली अडचण नावाचीच येते. रोमन लिपीत लिहिलेले नाव पुन्हा देवनागरीत येताना फडेप्पाचा फाडेप्पा होतो, कधी पाडेप्पाही होतो. दातारांचे आद्याक्षर एका यादीत अ आहे, तर दुसरीत पूर्ण नाव सदाशिव असे आहे. कैकाडी कुठे के. कैकाडी आहेत, कुठे एच. डी. कैकाडी. परक्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आणि तेच पुढे छापले गेले. दुसरी अडचण कागदांची. युद्धानंतर यजमानांजवळ पैसा नव्हता, त्यामुळे अँटवर्पच्या सामन्यांचा सविस्तर, छापील अधिकृत अहवाल त्या काळी निघालाच नाही. उपलब्ध आहे तो त्रोटक आणि टंकलिखित आहे. बिल मॅलन आणि अँथनी बिकर्क या दोन अभ्यासकांनी सर्व क्रीडाप्रकारांचे निकाल जुळवून त्याचे पुस्तक २००३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे त्र्याऐंशी वर्षांनी सर्व नावे एका जागी नीट लागली.

तिसरी अडचण सरहद्दींची. १९२० साली बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे त्या काळचा सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या दप्तरखान्यात, जमिनीचे आणि शाळेचे कागद बेळगावात आणि प्रवासाचा पुरावा आणखी तिसरीकडे, अशी विभागणी झाली. युरोपबाहेरून ब्रिटिश बंदरांत उतरणाऱ्या प्रवाशांच्या १८७८ ते १९६० या काळातील याद्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. त्यात नाव, वय आणि व्यवसाय असे रकाने आहेत. बोटीवरून उतरणाऱ्या शेतकऱ्याचा व्यवसाय कोणत्या शब्दाने लिहिला जाई, एवढे पाहूनसुद्धा त्या काळाविषयी पुष्कळ समजते.

पुसदच्या वाचकांना ही अडचण परकी वाटू नये. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशिम जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळ जिल्ह्यात आला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला आणि राजधानी नागपूर. म्हणून पणजोबांच्या काळाचा कागद यवतमाळला मिळत नाही, तेव्हा तो नाहीच असे मानून पुष्कळ जण परत फिरतात. खरे पाहता तो जुन्या जिल्ह्याच्या नावाखाली अन्यत्र असण्याचा संभव असतो.

मोटारशर्यतींच्या इतिहासात असाच एक माग फार चिकाटीने काढला गेला आहे, आणि तो एका व्यापारी घरातील मुलीचा आहे. डोरोथी लेव्हिट ही लंडनची तरुणी. विसाव्या शतकाच्या आरंभी नेपियर मोटार कारखान्यात ती लिहिण्या-टंकण्याच्या कामावर लागली. कारखान्याची विक्री पाहणाऱ्या सेल्विन एज यांनी तिला मोटार शिकवून शर्यतीत उतरवले. १९०३ पासून ती धावू लागली. १९०५ साली लहानशी मोटार घेऊन ती लंडनहून लिव्हरपूलला गेली आणि परत आली. त्याच वर्षी ब्रायटनच्या वेगचाचणीत तिने ताशी सुमारे ८० मैलांचा वेग गाठला आणि १९०६ साली ब्लॅकपूलला ताशी ९० मैलांच्या पुढे गेली. १९०७ साली ब्रुकलँड्सचा नवा शर्यतमार्ग खुला झाला, तेव्हा स्त्री म्हणून तिला तेथे प्रवेश नाकारला गेला. ती फ्रान्स-जर्मनीत जाऊन धावली. १९०९ साली तिने स्त्रियांसाठी मोटार चालवण्याचे पुस्तक लिहिले. मागची वाहतूक दिसावी म्हणून हातात धरायचा लहान आरसा जवळ ठेवावा, असा सल्ला त्यात आहे. आज प्रत्येक गाडीत जो आरसा असतो, त्याची ही एक आरंभीची सूचना.

त्यानंतर ती नाहीशी झाली. वर्तमानपत्रांत तिचे नाव येईना. पुढच्या पिढ्यांत तिच्या कुळाविषयी निरनिराळ्या कथा रूढ झाल्या. अभ्यासकांनी अखेर वर्तमानपत्रे बाजूला ठेवून सरकारी कागद काढले. जन्माच्या नोंदीत लेव्हिट असे नाव मिळेना, कारण घराचे मूळ नाव लेव्ही होते. इंग्रजी समाजात वावरताना ते बदलले गेले होते. वडील ज्यू, जवाहिरांचे आणि चहाचे व्यापारी होते. मृत्यूची नोंद १९२२ सालची आहे. लंडनमधील एका खोलीत वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती बिछान्यात मृतावस्थेत आढळली. चौकशीत हृदयविकार, गोवर आणि वेदनाशामक म्हणून घेतलेले मॉर्फिन ही कारणे लिहिली गेली. मागे राहिलेली मालमत्ता सव्वादोनशे पौंडांच्या आत होती आणि ती बहिणीला मिळाली. इतकी प्रसिद्धी पाहिलेल्या स्त्रीच्या आयुष्याची खरी रूपरेषा जन्म, मृत्यू आणि वारसा या तीन नोंदींनी पुन्हा उभी केली. तिचे कौतुक करणाऱ्या लेखांचा त्या कामी फारसा उपयोग झाला नाही.

नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्तही करता येते, मात्र त्याला कोणी तरी पिच्छा पुरवावा लागतो. अमेरिकेचे जिम थॉर्प यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकली. त्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत बेसबॉल खेळून त्यांनी थोडे पैसे घेतले होते, हे उघड होताच हौशीपणाचा नियम मोडला म्हणून पदके काढून घेण्यात आली. थॉर्प १९५३ साली वारले. १९८२ साली त्यांना सहविजेते मानले गेले आणि जुलै २०२२ मध्ये त्यांचे नाव पुन्हा एकटे पहिल्या स्थानी लिहिले गेले. खाते दुरुस्त व्हायला ११० वर्षे लागली. तोवर खातेदार हयात नव्हता. भारताच्या नावावरही एक वादाची नोंद आहे. कलकत्त्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड यांनी १९०० साली पॅरिसला दोन रौप्यपदके मिळवली. आंतरराष्ट्रीय समिती ती भारताच्या खात्यात धरते, काही इंग्रज इतिहासकार इंग्लंडच्या. प्रिचर्ड पुढे अमेरिकेत जाऊन नॉर्मन ट्रेव्हर या नावाने चित्रपटांत काम करू लागले. नाव बदलल्यामुळे तो नट आणि हा धावपटू एकच, हे अनेकांच्या लक्षातही येत नसे.

अँटवर्पला चौगुल्यांच्या दोन मिनिटे पुढे असलेल्या शिझो कानाकुरींचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९१२ च्या स्टॉकहोम मॅरेथॉनमध्ये ते उन्हाने वाटेतच कोसळले होते. रस्त्याकाठच्या एका कुटुंबाने त्यांना सावरले आणि शरमेपोटी कोणालाही न कळवता ते मायदेशी निघून गेले. स्वीडनच्या कागदांत एक धावपटू बेपत्ता, अशी नोंद राहिली. पंचावन्न वर्षांनी, १९६७ साली, स्वीडनने त्यांना सन्मानाने बोलावले. म्हाताऱ्या कानाकुरींनी स्टॉकहोमच्या मैदानात उरलेले अंतर धावून फीत ओलांडली आणि त्यांची वेळ घोषित झाली: ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २० सेकंद. जपान त्यांना मॅरेथॉनचा जनक मानतो. १९२० साली त्यांच्या प्रयत्नाने सुरू झालेली हाकोने मार्गावरील विद्यापीठांची टप्प्यांची शर्यत आजही दर नववर्षाला धावली जाते. त्यांच्या आयुष्यावर दूरदर्शन मालिका निघाली. एकाच पावसात, एकाच रस्त्यावर, दोन मिनिटांच्या अंतराने धावलेल्या दोन माणसांपैकी एक राष्ट्राच्या स्मरणात गेला आणि दुसरा निकालपत्राच्या ओळीत राहिला. पायांच्या बळाने एवढा फरक पडत नाही. एकाच्या मागे नोंदी जपणारी शाळा, विद्यापीठे आणि शर्यती होत्या.

महाराष्ट्राला हे जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ खर्चाला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. गावच्या लोकांनी आणि दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी घातली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची दंगल भरवून त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगितले जाते. १९८४ साली ते अपघातात वारले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांची कथा आज घरोघरी ठाऊक आहे. पदक हे तिचे एक कारण झाले; घर कोणी गहाण टाकले, रक्कम किती होती, वर्गणी कोणी जमवली, हे त्या वेळच्या माणसांनी लक्षात ठेवले आणि पुढे सांगितले, हे दुसरे. चौगुल्यांच्या वर्गणीतही अनेकांचे हात लागले असतील. त्या हातांची नावे कोणी पुढे सांगितली नाहीत.

विदर्भातही हा धागा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. यवतमाळ, वाशिम, पुसद या भागांतील तालमी, शाळा आणि कापसाच्या पेठा यांतूनही शर्यतीत धावलेली, सायकल पळवलेली, कुस्ती मारलेली कितीतरी माणसे होऊन गेली. दुकानाचा पुढचा मालक म्हणूनच ती घरच्यांच्या आठवणीत राहिली. आजोबा तरुणपणी काय करीत, या प्रश्नाला नातवंडांना धंद्याचे उत्तर मिळते, हौसेचे मिळत नाही.

ते उत्तर शोधायचे असेल तर कागद कुठे असतात हे ठाऊक असावे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा पहिला दुवा; त्यात जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि शाळा सोडण्याचे कारण असते. गावचा जन्म-मृत्यूचा नमुना चौदा आणि जुन्या काळचे कोतवाल बुक तहसील कार्यालयात पाहायला मिळते. जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार. त्याआधीची स्थिती विदर्भात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात दिसते. तीर्थक्षेत्रांच्या पुरोहितांजवळ कुळवार वह्या असतात. शाळेचे वार्षिक अंक, जिमखान्याच्या ढाली, प्रशस्तिपत्रे आणि गटाच्या छायाचित्रांच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिलेली नावे यांत हौशी खेळाडू सापडतो. घरातल्या खर्चाच्या वहीत बोटभाडे, रेल्वेभाडे, बुटांचा जोड, सायकलची दुरुस्ती अशी किरकोळ रक्कम एखाद्या मुलाच्या नावे टाकलेली असते, तीही साक्षच. दोन कागदांत नाव वेगळे आढळले म्हणून तो माणूस वेगळा, असा निष्कर्ष घाईने काढू नये. तारीख, गाव आणि वडिलांचे नाव ही तिन्ही जुळतात का ते पाहावे. आणि जे जुळले नाही, ते कल्पनेने भरून काढू नये. डोरोथी लेव्हिटच्या बाबतीत दीर्घकाळ चाललेला घोळ कौतुकाने भरलेल्या रिकाम्या जागांमुळेच झाला होता.

जैन समाजाला ही शिस्त नवी नाही. हस्तलिखित पोथीच्या शेवटी लेखनिक कोण, लिहवून घेणारा श्रावक कोण, गाव कोणते आणि संवत् कोणता हे लिहिण्याची परंपरा शेकडो वर्षांची आहे. राजांच्या बखरींत ज्यांचा उल्लेख नाही, अशा सामान्य वाण्या-व्यापाऱ्यांची, त्यांच्या आईची आणि पत्नीची नावे इतिहासकारांना या पुष्पिकांतून मिळाली. पोथी लिहिणाऱ्याने अखेरच्या पाच ओळींचे कष्ट घेतले म्हणून हे शक्य झाले.

आज पोथ्या लिहिल्या जात नाहीत. पत्रिका, स्मरणिका, श्रद्धांजलीचे मजकूर आणि देणगीच्या याद्या छापल्या जातात. त्यात श्री. अमुक परिवार, पुसद एवढेच लिहिलेले असते. शंभर वर्षांनी कोणी ते पान उघडले, तर त्याला काय सापडणार? माणसाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, स्त्रीचे माहेर, मूळ गाव, जन्माचे वर्ष आणि धंद्याबाहेर त्याने ज्या गोष्टीवर जीव लावला ती एक गोष्ट, एवढे सहा तपशील एका ओळीत बसतात. खर्च वाढत नाही, जागाही फारशी जात नाही. छायाचित्र छापले तर डावीकडून उजवीकडे नावे द्यावीत. वृद्धांना विचारायचे राहिले असेल तर ते या सुट्टीत विचारावे आणि ऐकलेले त्याच दिवशी, तारीख घालून, लिहून ठेवावे.

अँटवर्पच्या पावसात कोणी तरी कागद भिजू न देता फीत ओलांडणाऱ्यांची नावे आणि वेळा लिहीत बसले होते. पहिल्या तिघांनंतर तो लेखनिक थांबला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. तो थांबला नाही. शेवटच्या धावपटूपर्यंत त्याने क्रमांक घातले. बेळगावच्या एका माणसाचे नाव शंभरहून अधिक वर्षे टिकले आहे ते त्यामुळेच.